वेळ तुकड्यांचा, धागा अखंड



वयोमानाने कीर्तनाची सेवा थांबली, तरी शंका घेऊन येणारी माणसे थांबली नाहीत, आणि ते बरेच आहे. अलीकडे एकच शंका निरनिराळ्या तोंडून कानावर येते. विचारणाऱ्या बहुतेक नोकरी करणाऱ्या लेकी-सुना असतात. कुणी दवाखान्यात परिचारिका, कुणी शाळेत बाई, कुणी बँकेत. त्या म्हणतात, "महाराज, सकाळी डबे, मग नोकरी, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. त्यातून दहा-वीस मिनिटे हाती लागतात. तेवढ्यात मी लोकरीचे विणते, कधी गोधडीला चार टाके घालते. बरे वाटते. पण मनात येते, हा वेळ नामाला द्यायचा तो मी सुयांना दिला. हे चुकते का? आणि असे पाच-पाच मिनिटांनी केलेले काम तरी कधी पुरे व्हायचे?"

शंका दिसायला लहान, पण पोटात दोन प्रश्न आहेत. पहिला, हातात काम असताना देवाशी अनुसंधान राहते का? दुसरा, तुकड्यांनी मिळालेल्या वेळात केलेली गोष्ट पूर्ण वेळ देऊन केलेल्या गोष्टीच्या तोलाची ठरते का? दोन्ही प्रश्न विणणाऱ्या बाईचे आहेत तसे आपल्या सगळ्यांचे आहेत, कारण प्रपंचातल्या माणसाला परमार्थही तुकड्यातुकड्यांनीच करावा लागतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या संप्रदायात फार पूर्वी दिले गेले आहे. नामदेवराय शिंप्याच्या घरचे. कापड, गज, कात्री, सुई यांत वाढलेले. ते पंजाबपर्यंत गेले आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात सन्मानाने विराजमान आहेत. त्याच ग्रंथात कबीरांच्या वचनांमध्ये नामदेव आणि त्रिलोचन या दोन संतांचा एक संवाद येतो. त्रिलोचन मित्राला टोचून विचारतात, कापडाच्या कामात कसला गुंतून पडलास, देवाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेवरायांनी काम टाकून देण्याची भाषा केली नाही. हातापायांचा वाटा कामाला आणि चित्ताचा वाटा देवाला, अशी सरळ वाटणी त्यांनी करून दिली. दुसऱ्या एका पदात त्यांनी पतंगाचा दृष्टांत घेतला आहे. मुलगा सवंगड्यांशी बोलत असतो, पण त्याचे ध्यान दोरीवर असते. बोलणे चालू राहते आणि दोरीही सुटत नाही.

याला मी मोठा आधार मानतो. सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही, जनाबाईंनी जाते सोडले नाही. आपल्या संतांची यादी काढली तर ती कारागिरांची आणि कष्टकऱ्यांचीच यादी निघते. त्यांना दिवसाचे आठ तास रिकामे मिळाले आणि मग त्यांनी भक्ती केली, असे एकाच्याही चरित्रात नाही. गाडगेबाबा तर आपल्या अगदी जवळच्या काळातले. चिंध्यांची गोधडी अंगावर, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. दिवसा हातात खराटा आणि रात्री मुखात कीर्तन. त्यांच्या दिवसाचे हे दोन भाग एकमेकांशी भांडले नाहीत.

हे तत्त्व विनोबांनी फार नेमके मांडले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. विनोबा स्वतः सूत काततही होते आणि विणतही होते, म्हणून त्यांचा शब्द इथे अधिक वजनाचा. चौथ्या अध्यायावर बोलताना ते सांगतात की बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, की कर्माचे ओझे उरत नाही. मनाच्या त्या जोडीला ते विकर्म म्हणतात. आता विणणाऱ्या ताईंनी आपला अनुभव यावर तपासून पाहावा. ज्या दिवशी मन चिडलेले असते, त्या दिवशी टाके आवळले जातात आणि सुईवर सरकत नाहीत. मन शांत असते त्या दिवशी वीण सैल आणि एकसारखी येते. हाताचे काम मनाची साक्ष देते. मग त्याच मनात नाम असेल तर ते कामात उतरायला अडचण कसली?

इथे मात्र एक तारतम्य आहे आणि ते कारागिरीतलेच आहे. साधी वीण, म्हणजे नुसती सुलट किंवा दोन सुलट-दोन उलट, ही हाताला पाठ होते. तिच्यात मन मोकळे राहते आणि नाम चालते. जाळीची नक्षी असेल, एक टाका घ्यायचा, एक सोडायचा, दोन एकत्र करायचे, तर तिथे मोजणीच मनाला धरून ठेवते. तिथे नाम घेऊ म्हणाल तर नाम राहील किंवा नक्षी बिघडेल. म्हणून नामासाठी विणायचे असेल तर वीण साधी निवडावी. नक्षीचे काम वाईट मुळीच नाही. तेही मनाला एकाग्रता शिकवते. पण एकाग्रता आणि स्मरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीला दुसरीचे नाव देऊ नये.

साधी वीण घेतली तर गंमत पाहा. जपमाळेचे मणी १०८. सुईवर १०८ टाके घातले तर दोन सुलट-दोन उलट बरोबर बसते, कारण १०८ ला चाराने भाग जातो. टाक्याला एक नाम घेतले की एक ओळ म्हणजे एक माळ झाली. ओळ संपली की मेरुमणी आला, सुई या हातातून त्या हातात गेली. बगलेशी टाके कमी करावे लागतात, तिथे हिशोब मोडतो, तो मोडू द्यावा. इतके जप झाले म्हणून चारचौघांत सांगायला लागलात तर लोकर विणली जाईल आणि अहंकारही विणला जाईल.

आता दुसरा प्रश्न, तुकड्यांचा. पाच-दहा मिनिटांनी काय होणार, ही निराशा मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. पोथीबद्दल आहे, हरिपाठाबद्दल आहे, आणि विणण्याबद्दलही आहे. "एकदा निवांत वेळ मिळाला की करीन," असे म्हणता म्हणता लोकर कपाटात पडून राहते आणि पोथी कापडात बांधलेली राहते. म्हणून आधी साधा हिशोब करू. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, पूर्ण बाह्यांचा साधा स्वेटर धरा. १०८ टाक्यांची ओळ हात बसलेली बाई सुमारे ५ मिनिटांत काढते. पाठीच्या १५० ओळींना ७५० मिनिटे लागतील. पुढच्या भागाला तेवढीच. दोन्ही बाह्या मिळून ८००. गळ्याची पट्टी आणि जोडशिवण १००. बेरीज २४०० मिनिटे, म्हणजे ४० तास. नोकरी करणाऱ्या बाईला सलग ४० तास वर्षात एकदाही मिळत नाहीत. पण रोजची २० मिनिटे, म्हणजे सकाळी बसमध्ये दोन ओळी आणि दुपारच्या सुट्टीत दोन ओळी, धरली तर १२० दिवसांत काम पुरे होते. १२० दिवस म्हणजे चार महिने. आषाढी एकादशीला टाके घातले तर कार्तिकी एकादशीच्या सुमारास, थंडी दाराशी येताना, स्वेटर अंगात घालायला तयार. आपला चातुर्मासच झाला की हा!

चातुर्मासाचा नेम आपण का धरतो? कुणी ज्ञानेश्वरीच्या रोज ठरावीक ओव्या वाचतो, कुणी रोज एक अभंग पाठ करतो. नेमाचे बळ त्याच्या मोठेपणात नसते. तो चुकत नाही यात ते असते. वीस मिनिटांचा नेम चार महिने टिकवणारी बाई नेम म्हणजे काय हे जाणते, मग तिने त्यासाठी पोथी उघडली असो की पिशवीतून सुया काढल्या असोत.

कुणी म्हणेल, हे झाले कामाचे, पण परमार्थात अखंडपणा हवा, तिथे तुकडे कसे चालतील? त्यांनी आपल्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह आठवावा. सप्ताह बसला की वीणा खाली ठेवली जात नाही. सात दिवसांचे तास होतात १६८. एवढे तास एकच माणूस उभा राहतो का? दोन-दोन तासांचा पहारा धरला तर ८४ पहारे होतात. पहाटेच्या पहाऱ्याला दूध घालून आलेला गवळी असतो, दुपारी शाळेतले मास्तर, रात्री रानातून पाणी पाजून आलेला शेतकरी. प्रत्येकाने आपल्या दिवसाचा एक तुकडा आणलेला असतो. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात वीणा जाते, आणि या तुकड्यांचा सप्ताह अखंड म्हणवला जातो, कारण वीणा भुईला टेकलेली नसते. अखंड राहायचे आहे ते अनुसंधानाने. वेळ तुटकच असतो, तो तसाच राहणार.

आपल्या आया-आज्या गोधडी शिवत त्यातही हेच होते. जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे धड राहिलेले भाग, सगळे तुकडेच. ते थरावर थर अंथरून कडेने धावदोरा घालायला सुरुवात व्हायची आणि दोरा फिरत फिरत मधे जायचा. कामही सलग होत नसे. दुपारची भांडी झाली की दोन फेऱ्या, पाऊस लागला आणि रानात जाता आले नाही की चार. त्यांना फुरसत होती म्हणून त्या शिवत होत्या, असा आपला एक गोड गैरसमज असतो. त्यांना फुरसत नव्हती, थंडी होती आणि अंथरुणाला पैसे नव्हते. तुकड्यांच्या वेळात तुकडे जोडून त्यांनी घरादाराला ऊब दिली. लेकी-सुनांनो, तुम्ही बसमध्ये सुया काढता तेव्हा तुम्ही नवीन काही करत नाही, त्याच वहिवाटीवर चालता.

एवढे सांगितल्यावर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर निरूपण एकांगी होईल.

पहिली मर्यादा वेळेच्या मालकीची. बसमधला वेळ आपला, डब्याच्या सुट्टीतला आपला, दवाखान्याच्या बाकावर आपला नंबर येईपर्यंतचा आपला. पण खिडकीसमोर माणूस पैसे भरायला उभा आहे, खाटेवर रुग्ण हाक मारतो आहे, तो वेळ आपण पगार घेऊन दिलेला आहे. त्या वेळात विणणे नको, माळ ओढणेही नको. समोरच्याचे काम नीट करणे हेच त्या वेळचे नाम.

दुसरी मर्यादा कीर्तनाची. "कीर्तनात बसून विणले तर चालेल का, हात गुंतला की मन लागते," असेही विचारतात. घरी मोबाइलवर प्रवचन लावून अवश्य विणावे, त्यात मला दोष दिसत नाही. कीर्तनाचे तसे नाही. वारकरी कीर्तनात श्रोता हा नुसता ऐकणारा नसतो. टाळकरी टाळ वाजवतात तशी श्रोत्याची टाळी हे कीर्तनाचे वाद्य आहे. नामाचा गजर सुरू झाला आणि हातात सुया असल्या तर एक वाद्य मुके राहिले. म्हणून तिथे लोकर पिशवीत असावी. सुयांना विटाळ आहे म्हणून हे सांगत नाही. त्या वेळी हात दुसऱ्या कामाला दिलेले आहेत, एवढेच.

तिसरी मर्यादा सर्वांत महत्त्वाची. तेरच्या गोरोबाकाकांची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो. बाळाकडे लक्ष द्यायला सांगून माता पाण्याला गेली. काका नामात रंगून चिखल तुडवत राहिले आणि रांगत आलेले बाळ पायाखाली आले. पुढे देवाने ते परत दिले, ही त्या कथेतली कृपा. काकांच्या तल्लीनतेपुढे मी लोटांगण घालतो. पण आपण गोरोबाकाका नाही, हे आपण विसरू नये. आपल्या तल्लीनतेत एखादे लेकरू पायाशी आले, तर ते परत आणून देण्याची हमी आपल्याला कुणी दिलेली नाही. पोर पदर ओढते आहे, "आई, बघ ना" म्हणते आहे, आणि आई म्हणते, "थांब, एवढी ओळ होऊ दे." ओळ थांबू शकते, टाका सुईवर राहतो, तो कुठे जात नाही. पोराचे "बघ ना" मात्र तेवढ्यापुरतेच असते. हेच मी माळ ओढणाऱ्या आजोबांनाही सांगतो. हातातल्या कामाचा आणि मुखातल्या नामाचा मोठेपणा समोरच्या जिवाकडे पाठ फिरवून वाढत नाही.

आता एक शब्द घरातल्या पुरुषमंडळींना. सुनेच्या हातात सुया दिसल्या की "तुला बरा वेळ मिळतो" असे सहज म्हटले जाते. म्हणणारा त्याच वेळी मोबाइल चाळत बसलेला असतो. तिला वेळ मिळालेला नाही, तिने तो झोपेतून आणि विसाव्यातून काढला आहे. तिच्या वाट्याला नेहमी तुकडेच का येतात, हा प्रश्न तिने स्वतःला विचारून उपयोग नाही, तो आपण स्वतःला विचारायचा आहे. मी वर तुकड्यांची एवढी थोरवी सांगितली. तिचा आधार घेऊन कुणी बाईला तुकड्यांवरच ठेवू नये. सप्ताहात एकाचा पहारा संपला की दुसरा वीणा घ्यायला येतो, म्हणून पहिल्याला विसावा मिळतो. घरातही कुणीतरी पुढे होऊन भांडी घासली, पोळ्या लाटल्या, पोरांचा अभ्यास घेतला, की तिला एक तास सलग मिळेल. त्या तासात तिने विणावे, वाचावे किंवा नुसते बसावे. तिने त्याचा हिशोब देण्याचे कारण नाही.

शेवटी विणणाऱ्यांना विणकामातल्याच दोन गोष्टी. टाका सुटतो. विणकामाचा सगळा कपडा एका सलग धाग्याच्या फासांचा असतो, त्यामुळे एक फास सुटला की खालचे फास शिडीसारखे उसवत जातात. लगेच पाहिले तर क्रोशाच्या सुईने तो ओळीओळीने वर आणता येतो. दहा दिवस दुर्लक्ष केले तर पुष्कळ उसवावे लागते. नेमाचेही असेच आहे. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी उचलून घ्यावा. चुकला म्हणून टाकून देऊ नये. आणि उसवावे लागले तरी लोकर कुठे जात नाही. मुलाला आखूड झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, वाळवून, नवा गुंडा करून त्याच्याच धाकट्या भावंडासाठी पुन्हा विणणाऱ्या बायका आपल्या घराघरांत होत्या. केलेले मोडले म्हणजे गेले, असे त्यांनी मानले नाही.

दुसरी गोष्ट, काम पुरे झाले की टाके बंद करून दोरा कापावा लागतो. कापला नाही तर तो कपडा गुंड्यालाच बांधलेला राहतो. चार महिने घेऊन तुम्ही स्वेटर विणला आणि नातवाने तो दोनदाच घातला, मुंबईच्या उकाड्यात सुनेने तो कपाटात ठेवला, तर मन दुखते. ज्याला दिला त्याला तो आवडो न आवडो, चार महिने त्याच्यासाठी रोज वीस मिनिटे तुमचे मन मऊ राहिले, ते तुमच्यापाशी आहेच. दोरा कापल्यावर दिलेल्याची विचारपूस करत राहू नये.

तर माउली, शंकेचे उत्तर एवढेच. सुयांना दिलेला वेळ देवापासून चोरलेला नाही, जोवर तो समोरच्या जिवापासून आणि घेतलेल्या जबाबदारीपासून चोरलेला नाही. येत्या आषाढीला ज्यांना वाटेल त्यांनी १०८ टाके घालावेत. पंढरीला जाणाऱ्यांनी सुया घरीच ठेवाव्यात, वाटेवर हात टाळाला लागतात. परत आल्यावर रोज चार ओळी.

रामकृष्णहरी.